ब्राह्मी, हळद, जिन्को : सासूबाईंना काय देऊ?

प्रश्न : सासूबाईंचं वय ७४, अल्झायमरचं निदान झालंय, डोनेपेझिलची गोळी चालू आहे. सोसायटीतल्या काकू म्हणतात ही केमिकल्स बंद करा आणि ब्राह्मी, हळदीच्या कॅप्सूल, जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क) द्या. खरंच गुण येतो का? - एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, गोळी आपल्या मनाने अजिबात बंद करू नका, काकू कितीही मायेने सांगत असल्या तरी. आणि झाडपाला की केमिकल हा वादच मला पटत नाही, कारण अल्झायमरचंच गॅलँटामाइन हे औषध स्नोड्रॉप आणि डॅफोडिलसारख्या फुलझाडांत सापडतं, अमेरिकेत २००१ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. फक्त तिथे द्रव्य वेगळं काढलं, डोस ठरवला, पेशंटवर तपासलं, मग गोळी आली. डोनेपेझिल काय नि हे काय, दोन्ही मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन हे आठवणीला लागणारं रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात, त्याने काही जणांची आठवण, लक्ष थोडे दिवस टिकतं, आजार मात्र थांबत नाही.

जिन्कोची मोठी ट्रायल झालीये. अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३०६९ जणांवर, निम्म्यांना १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जवळपास सहा वर्षं, आणि २००८ मध्ये निकाल आला की डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच) काही टळला नाही. हळदीतलं कर्क्युमिन लॅबमध्ये छान दिसतं, पण पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. ब्राह्मीवर मला आशा आहे, निरोगी लोकांवरच्या छोट्या ट्रायल्समध्ये काही आठवडे रोज घेतल्यावर लक्षात राहण्यात थोडा फरक दिसलाय, पण अल्झायमरच्या पेशंटसाठी तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यात आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, तेव्हा बाटलीत नेमकी कुठली आहे ते लेबल वाचून बघा.

भाजी-आमटीतली हळद खुशाल खाऊ दे. कॅप्सूलचं तसं नाही. सासूबाईंना अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर जिन्कोने रक्तस्राव वाढू शकतो, आणि डोनेपेझिलने काहींची नाडी मंदावते, जुलाब होतात, त्यावर ब्राह्मीचा अर्क दिला तर हाच त्रास वाढायची शक्यता आहे. चक्कर येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पुढच्या व्हिजिटला घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, काकूंनी दिलेली पुडीसुद्धा एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा, तोंडी सांगताना एखादी राहूनच जाते.