वाचकांचे प्रश्न : वाहते रक्त आणि मदतीचा हात

प्रश्न : फुटलेल्या काचेने शेजारच्या मुलाचा तळहात कापला, तेव्हा मी घडीघडीला फडके उचलून रक्त थांबले का ते पाहत होते. माझ्याही बोटाला चीर पडलेली होती. माझे काही चुकले का?

उत्तर : आपण धावून गेलात हे योग्यच झाले, फडके सारखे उचलणे मात्र चुकले, कारण जखमेच्या तोंडाशी नुकतीच धरू लागलेली गुठळी त्यामुळे सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग १० मिनिटे घट्ट दाबून धरावे, आणि ती भिजलीच तर न काढता तिच्यावर दुसरी घडी ठेवून दाब वाढवावा. काच आत रुतली असेल तर ती उपसू नये. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबावे आणि जखमीला डॉक्टरांकडे न्यावे.

आपल्या बोटाची चीर दुर्लक्षिण्याजोगी नव्हे, कारण हिपॅटायटिस बीसारखे आजार रक्तातून पसरतात. हातमोजे नसल्यास स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात चढवावी, किंवा जखमी शुद्धीवर असेल तर त्यालाच जखम दाबून धरायला सांगावे. हा साधा उपाय घाईत सहसा कुणाला सुचत नाही. त्याचे रक्त आपल्या चिरेला लागले असल्यास ती जागा साबणाने धुवून लगेच डॉक्टरांना विचारावे.