धडगावच्या वर्गाला जळगावहून शिकवताना

ताई, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवणार आहात, तर आधी आवाजाकडे बघा. चित्र अडखळलं तरी मुलं सांभाळून घेतात; आवाज तुटला की वर्ग हातचा जातो. तिकडे वर्गात एक मोठं माणूस हवंच, त्याशिवाय तास घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. घरी पावरी किंवा भिली बोलणारी मुलं पडद्यासमोर गप्प बसतात. तो माणूस प्रश्न त्यांच्या बोलीत विचारेल, वह्या बघेल. वीज गेली तर सोडवायची उदाहरणं आदल्या दिवशीच पाठवा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक धरलाय. तुमचा तास सुरू झाला म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा पाठपुरावा सोडू नये, हे पहिल्याच बैठकीत बोला.