घोडा जड झाला म्हणून पक्कड लावू नको

लेकरा,

तुझा मेसेज वाचला, फोटो पण झूम करू करू बघितले. आजोबांच्या पेटीतलं टोपीचं पिस्तूल, म्हणजे बार उडवायला छोटी स्फोटक टोपी लागते ते जुनं हत्यार. त्याचा घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा वरचा हातोडा, अर्ध्यापर्यंत येतो, पुढं दगडासारखा जड होतो अन् सोडला की सावकाश खाली बसतो. हे सावकाशचं लिहिलंस ते लई बरं केलंस, कारण स्प्रिंगच मेली असती तर घोडा ओढायला हलका लागला असता. ओढायला जड अन् पडायला मंद म्हणजे स्प्रिंग जिवंत आहे, मधी कुठंतरी घासायलंय. ते कुठं घासायलंय एवढंच आधी शोधायचं, बाकी काही नाही.

पण आतापासून घोड्याला हात लावू नको, आधी नळी रिकामी आहे का बघ. निपलवर, म्हणजे घोडा जिथं आपटतो त्या नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळ बोंडावर, टोपी बसलेली दिसली तर उचकटायला जाऊ नको, तसंच ठेव अन् मला फोन कर. टोपी नसली तर पतंगाची कामटी घे, नळीच्या तोंडातून हळू आत सोड, टेकली की तोंडापाशी पेनानं खूण कर, मग तीच कामटी नळीच्या बाहेरून लावून बघ. निपलच्या आसपास पोचायला पाहिजे. दोन बोटं अलीकडंच थांबत असली तर आत काहीतरी ठासलेलं आहे असं समज. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनी पण पेट घेते रे, जुन्या घरात भरलेली हत्यारं तशीच सापडतात. हे करताना तोंडासमोर स्वतः उभं राहायचं नाही अन् घरातलं दुसरं पण कुणी नको.

दुसरं कागदाचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्यापान्या हत्याराला सूट आहे, पण ती दुरुस्त करून पण चालणार नाही अशाच हत्याराला. तुझं बहुतेक त्यात बसत नाही असं मला वाटायलंय, म्हणून कलेक्टर ऑफिसात शस्त्र परवान्याच्या टेबलावर आधी विचारून घे, आजोबांच्या नावाचा काही कागद असला तर सोबत ने. आपल्याला ते झाडायचं नाहीच, नुसतं लॉक, म्हणजे घोडा चालवणारी यंत्रणा, गंजून मरू द्यायचं नाही, पण हे तिथं तोंडानं सांगून कुणी ऐकणार नाही.

आता मूळ मुद्दा. तू लिहिलंस की आजोबा दरसाल खंडेनवमीला त्याला तेल लावायचे. कोणतं तेल ते आईला विचार. आपल्याकडं ज्या घरात करडई पिकायची त्या घरात करडीचंच तेल असायचं, अन् करडीचं किंवा जवसाचं तेल हवेला वाळतं, पातळ थर धरतं, पुढं त्याचा डिंक होतो. ह्याच गुणामुळं ते पेंटच्या कामाला घेतात. चाळीस पन्नास दसऱ्यांचे थर, त्यात हळद कुंकू, वर माळवदाची झरणारी माती, अन् हे सगळं घोड्याच्या आसाभोवती जमलेलं. श्रद्धेनं केलेलं काम आहे ते, त्याला नाव ठेवू नको. माझा पहिला संशय मात्र तिथंच आहे.

दुसरा संशय लाकडावर. लॉक म्हणजे घोडा, मागच्या स्प्रिंगा अन् ते सगळं जिच्यावर बसलंय ती लोखंडी पट्टी. ती लाकडात कोरून बसवलेली असते अन् दुसऱ्या बाजूनं आरपार आलेल्या स्क्रूनं आवळलेली. आपल्याकडं मे महिन्यात लाकूड वाळून आकसतं, पावसाळ्यात फुगतं, अन् मधल्या काळात कुणीतरी स्क्रू जास्त आवळून ठेवला तर मोठी स्प्रिंग लाकडाला घासती. म्हणून नळी रिकामी आहे ही खात्री झाल्यावर, घोडा खाली असताना, ते स्क्रू अर्धा आटा सैल कर, अन् मग घोडा अंगठ्यानं धरून जरासा ओढून अंगठ्यानंच परत खाली आण. फरक पडला तर दोष लाकडात. नाही पडला तर लॉक बाहेर काढ, पण स्क्रू ड्रायव्हरचं तोंड खाचेत गच्च बसणारं पाहिजे, बसत नसलं तर कानशीनं घासून बसव. खाच फाटली की आयुष्यभर दिसती. अन् प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर लॉकचं चित्र काढून त्याच्याच जागी टोचून ठेव. आट्यांचं एकसारखं माप व्हिटवर्थनं १८४१ साली इंग्लंडात मांडलं, अन् ते लगेच सगळीकडं पोचलं असं पण नाही, म्हणून असल्या हत्यारात एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागत नाही.

बाहेर काढलेलं लॉक हातात धरून घोडा ओढून सोडू नको हं, निपल नसताना तो कशावर आपटणार, आतल्या तुकड्याचा दात तुटतो. नुसतं बघ. घोडा अन् पट्टी यांच्या मधून वहीचा कागद सरकतो का? कधीकाळी कुणी घोडा काढून हातोडीनं परत ठोकला असला तर तो पट्टीला चिकटून बसतो, अन् कागद अडतो. मग आतल्या बाजूला कुठं लोखंड चकाकतंय ते बघ, सगळीकडं काळपट अन् एकाच जागी चकचकीत असलं तर तिथंच घासायलंय. लाकडातलं शोधायला काजळ लाव. स्प्रिंगच्या कडेला काजळाचं बोट फिरव, लॉक परत बसव, काढ, लाकडात जिथं काळा ठिपका उमटला तिथं अडचण. त्याचा फोटो मला पाठव, लाकूड खरवडू नको, ते मी बघतो.

मोठी स्प्रिंग तू काढायची नाही. मी विशीत होतो तेव्हा एका वाड्यातलं असलंच लॉक माझ्याकडं आलं होतं, घोडा हलंना म्हणून मी गॅसवर थोडं तापवलं, वाटलं डिंक वितळंल. डिंक वितळला, अन् स्प्रिंगचं पाणी उतरलं. घोडा इतका हलका झाला की मी खूश झालो, संध्याकाळी कळलं की स्प्रिंगमधी जीवच राहिला नाही. त्या म्हाताऱ्या मालकानं मला एक शब्द बोलला नाही, लॉक रुमालात बांधून घेऊन गेला. आजपण आठवलं की जेवण जात नाही.

तर तापवायचं नाही, पॉलिश पेपर नाही, पक्कड नाही. पेंटच्या दुकानातून टर्पेंटाइन आण, लाकडापासून वेगळं केलेलं लॉक स्टीलच्या डब्यात बुडवून दोन दिवस ठेव, झाकण लाव, खिडकी उघडी ठेव, जवळ दिवा अगरबत्ती काही नको. मग जुना टूथब्रश अन् बांबूची टोकदार काडी, पिवळा लगदा निघायला लागंल, पाणी बदल म्हणजे टर्पेंटाइन बदल, परत बुडव. आठवडा लागला तरी लागू दे. नाहीच सुटला तर कापसावर थिनर घेऊन आसापाशी लाव, फक्त लोखंडाला, लाकडाला लागलं तर जुना रंग गेलाच म्हणून समज. शेवटी पुसून, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक एक थेंब आसाला अन् जिथं लोखंड लोखंडावर फिरतं तिथं.

एवढं करून पण जड राहिलं तर तसंच पुठ्ठ्यासकट कपड्यात गुंडाळून कपाटात ठेव, कुलूप लाव. ते घेऊन एसटीत बसू नको. कलेक्टर ऑफिसातनं काय सांगितलं ते कळव, मग रविवार बघून स्प्रिंगचा शिकंजा घेऊन मीच येतो. आईला म्हणावं भाकरी अन् ठेचा कर.

तुझा काका