गिझर लावतोयस तर आधी हे बघ

अरे, थर्मोस्टॅटला (पाणी ठरल्या तापमानाला आलं की हीटर बंद करणारा भाग) हात लावायच्या आधी एमसीबी (बोर्डावरचा, जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पाड, आणि टेस्टरवर भरवसा नको, मल्टिमीटरनेच (व्होल्टेज मोजायचं मीटर) लाइन बंद झाली का ते चेक कर. 2 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचतो, म्हणजे 6 अँपिअरच्या पॉइंटला चुकूनही नको, 16चाच पॉइंट, 2.5 स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, पक्कं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) हवीच. आमचं घर कळंगुटला, खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलं (वायर जोडायचे स्क्रूचे पॉइंट) हिरवी पडतात, ढिल्या स्क्रूपायी माझा एक प्लग वितळलाच होता, तेव्हा पाऊस संपला की सगळे आवळून घे. सेटिंग 55-60 डिग्री पुरे, गोव्यात जास्त कशाला? आणि कटआउट (पाणी फार तापलं तर गिझर बंद करणारा सेफ्टी स्विच) सारखा उडतोय म्हणून बायपास करायचा शहाणपणा नको हां, बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच चिकटलेला असतो, तो बदल.