पंचगंगेच्या गाळातले जड धातू मोजणार असशील तर

भावा, पहिलं सांगतो, आपल्या कोल्हापूरची जमीन बेसॉल्टची, म्हणजे तांबं, निकेल, क्रोमियम गाळात मुळातच जास्त असणार. सगळे पेपरात तुलनेला शेलची (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाची) सरासरी घेतात, तांब्याला 45 पीपीएम (दहा लाखात 45 भाग), पण बेसॉल्टची सरासरीच 87 आहे, मग नदी स्वच्छ असली तरी तुझा इंडेक्स (मोजलेलं भागिले नैसर्गिक, असा आकडा) प्रदूषण दाखवणार आणि तू उगाच घाबरणार. म्हणून बॅकग्राउंड, म्हणजे प्रदूषणाआधीची नैसर्गिक पातळी, इथलंच घे, प्रयाग चिखलीच्या (जिथं पंचगंगा सुरू होते त्या संगमाच्या) वरच्या अंगाचा गाळ किंवा कोअर (नळी खुपसून गाळाचा उभा तुकडा) काढून खालचा जुना थर, आणि प्रत्येक धातूचा ॲल्युमिनियमशी रेशो काढ.

सँपल प्लास्टिकच्या स्कूपनं काढायचं. मी पहिल्या वर्षी पत्र्याच्या बादलीत गाळ आणला, झिंक एवढं वर गेलं की रिझल्ट बघून आनंदच झाला, नंतर कळलं ते बादलीच्या गॅल्व्हनाइझिंगचं (पत्र्यावरच्या जस्ताच्या थराचं), तीन आठवडे पाण्यात गेले, लई वाईट वाटलं. डबे 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून धू. वरचा काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा थर दिसला तर वेगळा भर, सल्फाइडमध्ये धातू अडकून बसतात.

पारा मोजायचा असेल तर गाळ सुकवायला ओव्हन तापवू नकोस, उडून जातो. गाळ 63 मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतनं काढ, धातू बारीक कणांनाच धरून असतात. आणि गाळ ॲक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण) विरघळवला तर सिलिकेट खनिजांमधला धातू पूर्ण सुटत नाही, त्यामुळं दुसऱ्याच्या एचएफवाल्या (हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरून काढलेल्या) आकड्यांशी तुलना करायची नाही. प्रत्येक बॅचला ब्लँक (गाळ न घालता नुसतं ॲसिड) आणि सर्टिफाइड रेफरन्स गाळ (ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच प्रमाणित आहे) लावच, महाग असला तरी गाइडकडं हट्ट धर.