वाचकांचे प्रश्न : डोंगरात रात्र पडली तर कोणती पिशवी?

आम्ही आठ जण जुलैअखेर रसाळगड-सुमारगड-महिपतगड करणार आहोत. वाट चुकून रात्र झालीच तर म्हणून प्रत्येकी एक बिव्ही बॅग, म्हणजे उघड्यावर आत शिरून झोपायची पिशवी, घ्यायचं चाललंय. चकचकीत चंदेरी पिशवी स्वस्तात मिळते, ‘ब्रीदेबल’ (घामाची वाफ बाहेर सोडणारी) म्हणून दाखवतात ती कितीतरी महाग. महागातली घेतली तर खरंच कोरडं राहता येतं का?
– एक वाचक, चिपळूण

जुलैत? नाही. पण म्हणून चंदेरी घ्या, असंही नाही.

चंदेरी पिशवी म्हणजे अगदी पातळ पॉलिएस्टरवर चढवलेला ॲल्युमिनिअमचा थर. वारा आणि पाऊस ती पुरता अडवते, अंगातून बाहेर पडणारी उष्णताही बरीच परतवते. मात्र वाफेला बाहेर जायला वाटच नसते. माणूस स्वस्थ पडून असला तरी कातडी आणि श्वास मिळून दिवसाला साधारण ६०० ते ८०० मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो. चढून घामाघूम झालेल्याचं आणखी जास्त. रात्रभरात ती वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि कपड्यांत मुरते. पहाटे वारा सुटला की पावसाने न भिजलेला माणूस स्वतःच्या घामाने भिजून कुडकुडतो.

ब्रीदेबल कापड ही वाफ बाहेर सोडतं, पण आत-बाहेर बाष्पाचा फरक असेल तेवढीच. हिशेब करून बघा. पिशवीत ३० अंशांची ओलीगच्च हवा असेल तर दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प होतं. जुलैत घाटाखाली २४ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता धरली तर बाहेरच्या हवेत आधीच २० ग्रॅमच्या वर असतं. फरक जेमतेम दहाचा. जानेवारीत घाटमाथ्यावर १२ अंश आणि ६० टक्के असेल तर बाहेर साडेसहा ग्रॅमच, म्हणजे फरक दुपटीहून जास्त. त्यात पावसात कापडाची बाहेरची बाजू भिजून पाण्याचा पापुद्रा बसला की उरलीसुरली वाटही बंद होते. कंपनी खोटं बोलत नसते, तिच्या प्रयोगशाळेत कोकणातला आषाढ नसतो इतकंच.

तेव्हा आठ जणांनी आठ महागड्या पिशव्या घेऊ नयेत. त्याऐवजी आठ जण मावतील असा एक ग्रुप शेल्टर घ्या. त्याला खांब नसतात, सगळे आत गोल बसतात आणि डोक्यांवर कापड तोललं जातं. वजन किलोच्या आसपास. आठ जणांच्या उबेने आतली हवा थोड्या वेळात उबदार होते आणि झरोका उघडा ठेवला की कोंडत नाही. सोबत दोन ब्रीदेबल पिशव्या ठेवा, पाय मुरगळलेल्यासाठी किंवा थंडीने गारठलेल्यासाठी. चंदेरी ब्लँकेट प्रत्येकाच्या सॅकमध्ये असू द्या, वजन नगण्य असतं. या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाकडे पॉलिएस्टर किंवा लोकरीचा एक कोरडा जोड, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. तो रात्रीसाठीच, चालताना कितीही भिजलात तरी काढायचा नाही. जीन्स घालून येणाऱ्याला बसस्टँडवरूनच परत पाठवलं तरी चालेल.

पिशवीच्या लेबलवर ‘५,००० मिमी’ आणि ‘१०,००० ग्रॅम’ असं लिहिलंय. आकडा मोठा म्हणजे पिशवी चांगली का?
– एक वाचक, देवरुख

पहिला आकडा पाणी अडवण्याचा आहे. कापडावर तेवढ्या मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. अंगाखाली दबणाऱ्या भागाला निदान ५,००० हवेत, कारण कोपर आणि गुडघा टेकला की ओल्या जमिनीतलं पाणी कापडातून वर ढकललं जातं. वरच्या बाजूला ३,००० पुरतात. ब्रीदेबल पिशवीवर हा आकडाच छापलेला नसेल तर ती भुरभुर झेलेल, मुसळधार नाही. हलक्या, न विणलेल्या चंदेरी-अस्तराच्या ब्रीदेबल पिशव्या बहुतेक याच जातीच्या. त्यांच्या शिवणींवर आतून टेप असतोच असं नाही. वजन पाव किलोच्या आसपास असतं म्हणून त्या लोकांना आवडतात आणि हिवाळ्यात कामही छान देतात.

दुसरा आकडा वाफेचा : एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प जातं तो. हा मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि एकाच कापडाचे आकडे पद्धतीगणिक वेगवेगळे निघतात. पद्धत लिहिलेली नसेल तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा घरीच बघा. स्टीलच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत कढत पाणी घ्या, पिशवीचा एक पदर तोंडावर ताणून रबरबँडने बांधा आणि वर साधी कोरडी ताटली पालथी ठेवा. दोन-तीन मिनिटांत ताटलीवर धुकं धरलं तर कापड वाफ सोडतंय. पाण्यासाठी पदराचा खोलगट द्रोण करून त्यात दोन बोटं पाणी रात्रभर ठेवा आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. शिवण मुद्दाम द्रोणाच्या तळाशी येऊ द्या, कारण पिशव्या गळतात त्या कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त.

मापात कंजुषी नको. उंचीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर लांब आणि जाड कपड्यांसकट कूस बदलता येईल इतकी रुंद हवी. ताणून अंगाला चिकटलेली पिशवी थंडच लागते.

गेल्या वर्षीची पिशवी माळ्यावरून काढली तर आतून चिकट झालीय, खवले निघताहेत, कुबट वास येतोय. धुऊन वापरता येईल का?
– एक वाचक, मालवण

नाही, टाकून द्या. आतला पॉलियुरेथेनचा थर उष्ण-दमट हवेत वर्षभर घडी करून ठेवला की पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटत जातो. आधी चिकट होतो, मग सोलला जातो. ते दुरुस्त होत नाही. समुद्राकाठी आणखी एक भर : खारी हवा ॲल्युमिनिअमचा थर खाते, आणि चंदेरी पिशवी घडीच्या रेषांवर आधी विटते, मग फाटते. नवी घेतलीत तर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि सुती पिशवीत सैल ठेवा. माळ्यावर नको, कपाटात. पावसाळ्याआधी एकदा उघडून बघायची, वर्षभर डोळे झाकून विश्वास टाकायचा नाही.

शाळेच्या मुलांना घेऊन डिसेंबरात जंगलात मुक्काम करतो. अशी पिशवी वापरायची कशी, ते क्रमाने सांगाल का?
– एक शिक्षक, दापोली

आधी जागा. पऱ्याच्या पात्रात किंवा वहाळाच्या काठी नको, वर कुठे पाऊस झाला तर पाणी रात्रीतून येतं. उघड्या सड्यावर वारा झोडपतो. वाऱ्याकडे पाठ करता येईल असा उंचवटा किंवा दगड शोधा, एकटं उभं झाड टाळा.

मग जमीन. रात्री उष्णता वरून जाते तशीच खालीही जाते आणि पिशवी तिथे काहीच करत नाही. कॅरीमॅट (गुंडाळून नेता येणारी फोमची चटई), नाहीतर रिकामी सॅक आणि दोर कमरेखाली-पाठीखाली घ्या. वाळका पाचोळा उबदार, पण हाताने न उचलता काठीने उलथूनच : कोकणात फुरसे आणि विंचू तिथेच दडतात. दोडामार्ग-सावंतवाडी भागात तर पाचोळा नकोच. २०१६ पासून तिथे माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीमुळे पसरतो.

ओले कपडे काढून कोरडे घाला, टोपी आणि मोजे आधी. बूट सैल करून पिशवीबाहेर, पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. आत पाय आधी घाला, पावसाळी जॅकेट छातीवर ठेवा. तोंड आणि नाक कायम उघडं : दोरी गळ्याशी आवळा, डोक्यावरून नाही. उच्छ्वासाची वाफ आत सोडली तर ब्रीदेबल कापडही हरतं, आणि पूर्ण बंद पिशवीत जीव गुदमरण्याचा धोका आहे तो वेगळाच. पिशवीत किंवा तिच्याजवळ स्टोव्ह पेटवायचा नाही, हे कापड पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं.

थरथर थांबली, बोलणं बोबडं झालं, मूल सुस्त पडलं, तर शरीराचं तापमान धोक्याच्या पातळीला जातंय. चालवू नका, चोळू नका. कोरडं करा, गुंडाळा, पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड गरम पाणी द्या आणि ११२ लावा. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

मे महिन्यात समुद्रकाठच्या पायपिटीत ही पिशवी न्यावी का?
– एक वाचक, गुहागर

पांघरायला अजिबात नाही, तेव्हा धोका उन्हाचा असतो. चंदेरी ब्लँकेट मात्र न्या. चमकती बाजू वर करून डोक्यापासून हातभर उंच बांधलं तर चांगली सावली होते. रंग निवडायला मिळाला तर दुसरी बाजू केशरी असलेलं घ्या. झाडीतून हिरवं काही शोधणाऱ्याला दिसत नाही.