खर्च निघाला नाही तर बँकेचा क्लास?

प्रश्न : मी साखर कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. शिरोळ तालुक्यात राहतो. मुलगी २६ वर्षांची, कोल्हापुरात जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका केली. घरीच चित्रं काढते, मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेते. आता स्वतः एकल प्रदर्शन भरवायचं म्हणते. फंडातले तीन लाख काढायला मी तयार आहे, पण प्रदर्शन मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतच व्हावं. २४ चित्रं, प्रत्येकी २५ हजार धरले तर सहा लाख होतात. खर्च निघाला नाही तर तिने बँकिंगचा क्लास लावायचा, असं तिच्याकडून लिहून घेतलं आहे. पुराने खराब झालेल्या भिंतींची चित्रं काढते. निसर्गचित्रं काढ म्हटलं तर ऐकत नाही. पुढे कोणता कोर्स करावा? उद्घाटनाला आमदारांना बोलवावं का? – एक पालक

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानी, वर फक्त सारांश दिला आहे. त्या चार पानांत टेम्पोचं भाडं आहे, निमंत्रणपत्रिकेचा मजकूर आहे, ‘आपले नम्र’च्या खाली येणाऱ्या नातेवाइकांची नावंसुद्धा आहेत. मुलीचं स्वतःचं म्हणणं मात्र एकाही वाक्यात नाही. कोर्सचं नंतर बघू. आधी त्या लिहून घेतलेल्या कागदाचं बोलू.

फंडातून पैसे काढून मुलीच्या चित्रांसाठी देणारा बाप विरळाच, हे मान्य. पण एका हाताने पैसे देताना दुसऱ्या हाताने सही घेतलीत, तिथे सगळं फिरलं. आता ती प्रदर्शनाची तयारी करणार नाही, गहाण पडलेली मान सोडवायच्या मागे लागणार. ब्रश उचलला की पहिला विचार येणार, हे घेईल कोण? मग चार महिन्यांत भिंती जातील आणि सूर्यास्त येतील, नदीकाठचे, बगळ्यांसकट. तुम्हाला ते आवडतील. बाजारात तसे ढिगाने पडून आहेत. आणि समजा, खर्च नाही निघाला. २६ वर्षांच्या मुलीला तिचीच सही दाखवून क्लासला पाठवलंत, तर ती कोणत्या मनाने अभ्यासाला बसेल? बँकेची नोकरी चांगलीच आहे, पण शिक्षा म्हणून कुणी ती करू नये. तो कागद फाडा. कागद हवाच असेल तर पैशांचा करा : रक्कम किती दिली, परत घेणार की नाही, घेणार तर कधीपासून. त्यात तिच्या पुढच्या आयुष्याचं कलम नको.

आता जहांगीर. १९५२ साली उघडलेल्या त्या गॅलरीचा दबदबा मोठा आहे आणि तो खरा आहे. पण तिथे चित्रं लागली की गिऱ्हाईक, समीक्षक, पेपरवाले आपोआप येतात, हा समज मला दर दुसऱ्या पालकाच्या पत्रात भेटतो. अर्जासोबत कामाचे फोटो द्यावे लागतात, ते समितीसमोर जातात आणि पसंती मिळाली तरी तारखेसाठी काही वर्षं थांबायची तयारी ठेवावी लागते. इतकं करून हाती काय येतं? आठवडाभरासाठी भिंती. दालन भाड्याने देणारा तुमची चित्रं विकून देत नाही. खासगी गॅलरी एखाद्या चित्रकाराला हाती घेते तेव्हा ती आपल्या ओळखीच्या संग्राहकांना बोलावते, आणि त्यासाठी विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्माही, कापून घेते. स्वतः भरवलेल्या प्रदर्शनात मालक, शिपाई आणि विक्रेता आपणच. येणारे लोक म्हणजे बहुतेक आपणच बोलावलेले लोक. तुमच्या मुलीचे मुंबईत बोलावण्यासारखे किती जण आहेत, हे पत्रात नाही. आणि ‘तारीख मिळवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या हातावर एक रुपयाही आगाऊ ठेवू नका.

तुम्ही जोडलेल्या तीन फोटोंपैकी एकापाशी मी बराच वेळ अडकले. नीळ घातलेल्या चुन्याची भिंत, छातीच्या उंचीवर मातकट रेघ, रेघेखाली पोपडे, वर कॅलेंडरचा खिळा जिथल्या तिथे. तुम्ही विचारता, ‘हे डाग कोण घेणार?’ कदाचित कुणीच नाही. पण २००५, २०१९ आणि २०२१ म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही, ती माणसं तुमच्याच जिल्ह्यात आहेत. ओसरलेल्या पाण्यानंतर ज्या बाईने तशी भिंत खराट्याने घासली, ती या चित्रासमोर थांबेल आणि काहीतरी बोलेल. पहिल्या प्रदर्शनात चित्रकाराला ऐकायला मिळायला हवं ते हेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पहिलं प्रदर्शन कोल्हापुरात, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात. भाड्याची चौकशी तिला करू द्या. खर्च तीन लाखांच्या कितीतरी खाली येईल. पुढे सांगली, पुण्याचं बालगंधर्व कलादालन. मुंबईचा अर्ज तोवर रांगेत राहू दे.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, हिशेब चुकलाय. सगळी चित्रं एका भावाने जात नाहीत. नवखे चित्रकार बहुधा चौरस इंचावर भाव धरतात. १५ रुपये इंच धरला तर ३० बाय ४० इंची कॅनव्हास १८ हजारांचा होतो आणि १२ बाय १६ चा २,८८०चा. भाव काय लावायचा ते तिने ठरवावं; पण एकदा यादीत छापला की मामांसाठी कमी आणि साहेबांसाठी जास्त, असं चालणार नाही. नातेवाइकांना गळ घालून चित्रं खपवू नका. तिला खोटा बाजारभाव कळेल आणि पुढच्या वेळी ते नातेवाईक फिरकणारही नाहीत.

माने या फ्रेंच चित्रकाराने १८६७ साली पॅरिसमध्ये स्वखर्चाने मंडप उभारून सुमारे पन्नास चित्रं मांडली होती. पैसे घरचे, आईकडून आलेले. लोक बघायला आले ते बरेचसे हसायला. हे धीर द्यायला सांगत नाही. त्या पैशांचा हिशेब त्या वर्षी जुळला नव्हता, एवढंच सांगते.

चोवीस चित्रांचा आग्रह सोडा. हॉलच्या भिंती मोजून, आलेख कागदावर आखून, जी चौदा-पंधरा नीट बसतील तेवढीच. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ ते ६० इंचांवर, म्हणजे बघणाऱ्याला मान वाकडी करावी लागत नाही. फ्रेमवाल्याला दिवाळीच्या गर्दीआधी गाठा. प्रत्येक चित्राचा चांगला फोटो विकण्याआधी काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की राज्य कला प्रदर्शनाचा, मागतात ते फोटो. पावसाळ्यात चित्रं वरच्या मजल्यावर ठेवा, हे शिरोळच्या माणसाला मी काय सांगावं!

कोर्सचं म्हणाल तर ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून शाळेत कलाशिक्षक होता येतं, तिला स्वतःला वाटलं तर तेही करावं. प्रदर्शनाचा त्याच्याशी संबंध जोडू नका.

आमदारांना बोलावू नका. ते दोन तास उशिरा येतील, सोबतची चाळीस माणसं चित्रांना पाठ टेकून उभी राहतील आणि ओले रंग असतील तर कुर्त्यांना लागतील. उद्घाटन कुणाच्या हस्ते, हे मुलीला विचारा. कॉलेजातल्या एखाद्या सरांचं नाव ती घेईल असा माझा अंदाज आहे. तुम्ही अभिप्रायाच्या वहीपाशी बसा, पण येणाऱ्याला ‘घेणार का?’ म्हणून विचारू नका. आणि यापुढे मला काही विचारायचं असेल तर पत्र तिने लिहावं.